कोरा बोळा

परवा बाबांनी जिन्याखालून कूलर बाहेर ओढला. जुन्या ताट्या फेकल्या, वाळ्याच्या नव्या बसवल्या, टाकी भरली, बटण दाबलं. आधी गरम वारा आला, मग ओल्या वाळ्याचा वास. नागपूरचा उन्हाळा या वासाबरोबरच घरात शिरतो. आई सोफ्यावर डोळे मिटून टेकली. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. नव्या ताट्यांचा कूलर पहिले काही दिवस पाणी फेकतो. टाचणीच्या डोक्याएवढे थेंब. ते कुठवर पोचले, समोरचे गोल आणि कडेचे शेपटीवाले कसे झाले, वाळल्यावर मागे कडा राहते का, हे मी बघत होते.

"भिंतीवर काय सिनेमा चालू आहे का वं?" आईने डोळे न उघडता विचारलं.

सिनेमाच म्हणायचा. दोन वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा.

तेव्हा मी फॉरेन्सिकच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. विषय जीवशास्त्र आणि विषशास्त्र. शेजारच्या काकूंना आई अजूनही "केमिस्ट्रीत आहे" एवढंच सांगते, कारण पहिल्यांदा खरं सांगितलं तेव्हा काकूंनी आमच्याकडचा चहा अर्धा ठेवला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. मी तशीही फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, तिथे मराठी बोललं की दंड होता. घरी इंग्रजी बोललं की हसायचे. दोन्हीकडून सुरक्षित राहण्याचा एक उपाय मला लहानपणीच सापडला होता: गप्प बसून बघत राहायचं. बघणं मला जमतं. पहिल्या वर्षाला गेल्यावर कळलं की जगात असाही एक अभ्यास आहे ज्यात बघण्यालाच मार्क आहेत. मला वाटलं, आपली जागा सापडली.

माझ्या शेजारच्या ओट्यावर प्रणाली होती. भिवापूरची. तिच्या घरी मिरचीची शेती, आणि ती सोमवारी गावाहून परतली की तिची बॅग उघडताच आमची अर्धी प्रयोगशाळा शिंकायची. ती माझ्या उलट. तिला गप्प बसवायला परीक्षा लागायची, आणि परीक्षेतही ती कुजबुजायची. पहिल्या आठवड्यात तिने मला चार प्रश्न विचारले, मी चारही वेळा मान हलवली. पाचव्यांदा ती म्हणाली, "तोंडात बिब्बा ठेवला का वं? उघडलं की भाजून राहिलं का?" मी हसले. तेव्हापासून आमची मैत्री, आणि तेव्हापासून माझ्या वतीनेही तीच बोलायची.

त्या महिन्यांत मी रोज कशा ना कशाने थक्क होऊन घरी यायचे. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसायचे आणि जे पाहिलं ते पुन्हा पाहायचे.

रामटेके मॅडमनी पहिल्या प्रात्यक्षिकाला एक जुनं फडकं आणलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी त्यावर बकऱ्याच्या रक्ताचा एक थेंब सांडून ते कपाटात ठेवून दिलेलं. डाग तपकिरीही उरला नव्हता. चहाचा म्हणाल तर चहाचा, गंजाचा म्हणाल तर गंजाचा. मॅडमनी ओला कापसाचा बोळा त्यावर हलकेच टेकवला. त्यावर रंगहीन द्रावणाचा एक थेंब टाकला आणि थांबल्या. शाळेत आम्ल आणि अल्कली ओळखायला वापरतात तेच फिनॉल्फ्थलीन, पण जस्ताबरोबर उकळून रंग काढून घेतलेलं. मॅडम बोळ्याकडे बघत होत्या, आम्ही मॅडमकडे. मग त्यांनी पेरॉक्साइडचा दुसरा थेंब टाकला, आणि कापूस गुलाबी झाला. सावकाश नाही, एकदम. कुणीतरी दार उघडल्यासारखा. ते बकरं केव्हाच गेलं, ज्याने कापलं तो माणूसही कदाचित नसेल, फडकं कितीदा घडी होऊन उलगडलं असेल. आणि एवढ्याशा थेंबाने इतकी वर्षं आपली ओळख सांभाळून ठेवली होती.

"मधे का थांबले, कुणी विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या थेंबालाच रंग आला तर ते रक्त नाही. दुसरंच काहीतरी आहे, आणि ते तुम्हाला फसवतंय. घाई करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. त्याला शेवटचा गुलाबी तेवढा दिसतो."

दोन गोष्टी एकमेकींना शिवल्या की एकमेकींचं थोडं काही घेऊन जातात, हे त्याच महिन्यातलं शिकणं. पुस्तकात ते एका ओळीचं होतं. घरी आल्यावर मी दारातल्या बाबांच्या बुटांकडे पाहिलं. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात आहेत. बुटांच्या शिवणीत राख होती, करडी, पिठासारखी. ती मी जन्मापासून बघत आले होते आणि आई माझ्या जन्माआधीपासून तिच्यावर चिडत आली होती. मी चिकटपट्टीवर चिमूटभर उचलून दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. राख म्हणजे काचेचे गोळे निघाले. अगदी गोल, काही पोकळ, काही पारदर्शक, एकात दुसरा अडकलेला. रोज संध्याकाळी आमच्या पायपुसण्यावर बाबा असे हजारो गोल काचमणी झटकत होते. त्या रात्री जेवताना मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. "काय लागलं का तिथे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. कसं सांगायचं ते समजलं नाही.

विषशास्त्राच्या तासाला तर विद्यापीठाच्या आवारातली नेहमीची वाटच बदलून गेली. ग्रंथालयापासून विभागापर्यंत कण्हेर फुललेली असते. कुंपणाला धोतरा, रुई, नाल्याच्या कडेला एरंड. ज्या फुलांचे हार मी लहानपणापासून देवळाबाहेर पाहिले होते, ती सगळी आमच्या पुस्तकात एकामागून एक येत होती. प्रणालीला याचं काही नवल नव्हतं. "आमच्या गावी पोराईले चालता येत नाही तवापासून सांगते, त्याले हात लावू नको, याले तोंड लावू नको. तू इंग्लिशमधून शिकली म्हणून तुले आता समजून राहिलं." मला वाटत होतं, इतकं सगळं धोक्याचं आपल्या इतक्या जवळ शांत उभं आहे आणि आपण त्याच्या शेजारून जगत आलो आहोत. भीती नव्हती ती. एखाद्या मोठ्या, झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून चालत गेल्यासारखं वाटायचं.

आणखी एक गोष्ट मला मराठीने शिकवली. मॅडमनी सरावासाठी एका पंचनाम्याचा नमुना दिला होता. त्यात प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं, "रक्तासारखे डाग." चाकूवर रक्तासारखे, भिंतीवर रक्तासारखे, बनियनवर रक्तासारखे. मला आधी ते हास्यास्पद वाटलं. समोर थारोळं असताना रक्तासारखे काय? मग एका दुपारी ते एकदम उमगलं आणि अंगावर काटा आला. ज्याने ते लिहिलं त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवायचं नाकारलं होतं. तपासणी होईपर्यंत त्याने रक्ताला रक्त म्हटलं नव्हतं. ज्याच्यावर संशय होता त्या माणसाला त्याने त्या एका शब्दाएवढी जागा मोकळी ठेवली होती.

इथपर्यंत सगळं बघणं होतं. मार्चमध्ये बोलणं आलं.

विभागात लुटुपुटीचं कोर्ट भरवतात. एकाने वकील व्हायचं, एकाने न्यायाधीश, आणि प्रत्येकाने एकदा तज्ज्ञ साक्षीदार. माझ्या अहवालात चूक नव्हती. पिंजरा म्हणून ठेवलेल्या टेबलामागे मी उभी राहिले आणि वकील झालेल्या मुलाने विचारलं, "तुम्ही हे कशावरून म्हणता?" उत्तर माझ्यासमोर लिहिलेलं होतं. माझ्या घशातून आवाज निघाला नाही. त्याने पुन्हा विचारलं. न्यायाधीशाने पाणी दिलं. प्रणाली मागून ओरडली, "माय लॉर्ड, साक्षीदार वाचून राहिला, ऐकू फक्त त्यालेच येऊन राहिलं!" सगळे हसले, मीही हसले, आणि खाली बसले.

नंतर मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझं काम वर्गात सगळ्यात स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण हे काम कागदावर संपत नाही. एक दिवस कोर्टात उभं राहावं लागतं. तू तिथे गप्प राहिलीस तर तुझा खरा अहवालही पडतो, आणि त्याच्याबरोबर एक माणूस. तो आरोपी असेल, नाहीतर ज्याच्यावर अन्याय झाला तो. परीक्षा होऊ दे. त्यात जमलं नाही तर मीच तुला सांगेन, जीवरसायनशास्त्राकडे वळ. तिथे तुझं चांगलं होईल. वाईट वाटून घेऊ नको."

मी मान हलवली. बाहेर येऊन कण्हेरीपाशी उभी राहिले. मला रडू येत नव्हतं. ते फडकं, ते काचेचे गोळे, तो "रक्तासारखे" हा शब्द, हे सगळं कुणीतरी हातातून काढून घेणार आहे आणि काढून घेणाऱ्याचं बरोबर आहे, असं वाटत होतं.

प्रात्यक्षिक परीक्षा मेमध्ये होती. बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक येणार म्हणून गजूभाऊंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मदतनिसांनी, आदल्या दिवशी कुठूनतरी भलामोठा कूलर आणून खिडकीत बसवला. नव्या ताट्या, नवा पंप. एरवी आम्ही त्याच खोलीत पंख्याखाली शिजायचो. "पाहुणे आहेत ना," गजूभाऊ म्हणाले. "आपल्या नागपूरचं नाव खराब नाई झालं पाहिजे." परीक्षकांची खुर्ची वाऱ्याच्या वाटेतून जरा बाजूला, कागद उडू नयेत म्हणून. त्या खुर्चीवर ते बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "वा." गजूभाऊंना बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

आम्हाला प्रत्येकाला डाग असलेला कापडाचा एकेक तुकडा मिळाला. डाग रक्ताचा असेल किंवा नसेलही, ते सांगायचं. ओल्या बोळ्याने डाग उचलायचा. त्याच कापसाचा, त्याच पाण्याचा आणखी एक बोळा कापडाच्या स्वच्छ भागावर टेकवायचा. तो कोरा. डागाच्या बोळ्याचं जे जे होईल ते सगळं कोऱ्याचंही करायचं. कोऱ्यावर काही निघता कामा नये. निघालं तर दोष आपल्या हातात, पाण्यात, कापसात, कुठेतरी आहे, आणि मग डागाबद्दल बोलायचा आपल्याला हक्क नाही. बोळे सावलीत सुकवायचे, उन्हात नाही. त्यासाठी नेहमीची जागा म्हणजे खिडकीखालचा ओटा. आम्ही सगळ्यांनी नेहमीप्रमाणे तिथे तपकिरी कागदावर बोळे मांडले आणि तोंडी परीक्षेला रांगेत उभे राहिलो.

माझी तोंडी परीक्षा मार्चसारखीच झाली. परीक्षक विचारत होते, मी ओठ हलवत होते. "मोठ्याने," ते म्हणाले. "मोठ्याने, बेटा." शेजारी बसलेल्या रामटेके मॅडम टेबलाच्या कडेकडे बघायला लागल्या. मी उठले तेव्हा मला कळलं होतं की जूनमध्ये निकाल लागला की त्या मला काय सांगणार आहेत.

मग चाचणी. सगळ्या ओट्यांवरून "आलं, आलं" असं कुजबुजणं सुरू झालं. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. प्रणालीचाही गुलाबी. तिचा आधीच्या सत्राचा एक विषय राहिला होता, हे प्रात्यक्षिक गेलं असतं तर वर्ष जात होतं. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी हळू काम करते. आधी कोरा घेतला. पहिला थेंब टाकला आणि थांबले, आणि तेवढ्यातच तो गुलाबी झाला.

दुसरा थेंब मी टाकलाच नाही. बोळ्याकडे बघत राहिले. मग खिडकीखालच्या ओट्याकडे. तपकिरी कागदावर बारीक गोल खुणा होत्या, वाळलेल्या कडांच्या. कडेला गेलेल्या खुणांना शेपट्या होत्या, आणि सगळ्या शेपट्या कूलरपासून दूर वळलेल्या. मी कागद नाकाशी नेला. पोहण्याच्या तलावाचा वास आला. कूलरच्या टाकीत ब्लीचिंग पावडर होती, आणि तिचं पाणी आमच्या सगळ्यांच्या बोळ्यांवर सकाळभर उडत होतं. ब्लीचिंगने रंगहीन फिनॉल्फ्थलीन रक्ताशिवायच गुलाबी होतं. कोऱ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, दोन थेंबांच्या मधे कुणी थांबलं नव्हतं.

"प्रणाली," मी म्हटलं. "कोरा गुलाबी आहे."

तिने माझ्या बोळ्याकडे पाहिलं, मग घाईने आपल्या कोऱ्यावर एक थेंब टाकला. तिचा चेहरा उतरला.

"गप बस वं," ती अगदी हळू म्हणाली. मी तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सगळ्याईचं आलं ना? सगळ्याईचं आलं म्हणजे बरोबर. तू काहून मधात पडून राहिली?"

मी कोऱ्याकडे पुन्हा पाहिलं. मी गप्प राहिले असते तर काहीच झालं नसतं. गजूभाऊंचा कूलर चांगला राहिला असता, मॅडमना पाहुण्यांसमोर खाली बघावं लागलं नसतं, प्रणालीचा गुलाबी तसाच राहिला असता. गप्प राहणं तर मला येतंच. पण मला तो पंचनामा लिहिणारा आठवला, ज्याने समोरचं लाल दिसत असून एक शब्द मोकळा ठेवला होता. माझ्याजवळ कोरा होता, त्याच्याजवळ तोही नव्हता.

मी परीक्षकांच्या खुर्चीपाशी गेले आणि सांगितलं.

"काय?" त्यांनी कानाला हात लावला. कूलर घरघरत होता.

मी पुन्हा सांगितलं.

"बेटा, मला काही ऐकू येत नाहीये. कूलर बंद करा जरा."

"सर, गरम होईन," गजूभाऊ म्हणाले.

"होऊ द्या."

घरघर थांबली. खोली एकदम इतकी शांत झाली की नळाचं टपटपणं ऐकू आलं. सगळ्यांनी वर पाहिलं.

"सर, कोरा गुलाबी होतोय. पहिल्याच थेंबाला. कूलरचं पाणी बोळ्यांवर उडालंय, त्यात ब्लीचिंग आहे असं मला वाटतं."

"असं वाटतं?" त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सगळ्या वर्गाचं चुकलं, आणि ते तुम्हाला असं वाटतं?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. गजूभाऊ दारातून पुढे आले. "मच्छर होऊन राहिले होते ना सर, डेंग्यूचे. म्हणून मी मूठभर..." ते टाकीकडे बघायला लागले.

"त्यांची चूक नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी ठरवलं नव्हतं. "बोळे तिथे आम्ही ठेवले. मला नवा कापूस बघायचा आहे, सर. बंद पाकिटातला. त्यालाही रंग आला तर द्रावण खराब आहे, आणि माझं म्हणणं चूक आहे."

पुढचं लगेच सांगून टाकते, कारण ते मला फारसं आठवत नाही. सगळ्यांनी बोळे पुन्हा घेतले, खोलीच्या दुसऱ्या टोकाला सुकवले, घामाने निथळत पुन्हा तपासले. कित्येकांचे गुलाबी गेले. प्रणालीचा डाग पानाचा निघाला. तिने तो तसा लिहिला आणि पास झाली. बसस्टॉपवर ती मला म्हणाली, "तू मले वाचवलं का मारलं, तेच समजून नाही राहिलं अजून." जूनमध्ये मॅडमनी मला काहीच सांगितलं नाही. फक्त पुढच्या सत्राच्या लुटुपुटीच्या कोर्टात साक्षीदारांत माझं नाव पहिलं घातलं. मी तिथेही अडखळले. पण बसले नाही.

मला आठवतं ते याच्या आधीचं, सगळ्यांनी बोळे पुन्हा घ्यायच्या आधीचं.

परीक्षकांनी नवं पाकीट फोडलं, त्यातला बोळा शुद्ध पाण्यात बुडवला आणि माझ्याच हातात दिला. "करा," ते म्हणाले. सगळा वर्ग आमच्या ओट्याभोवती गोळा झाला होता. कुणाच्या कपाळावरून घाम ओट्यावर पडला. मी पहिला थेंब टाकला. थांबले. सगळेच थांबले, त्या वर्गाला एकत्र थांबताना मी पहिल्यांदा पाहत होते. मग दुसरा थेंब. आता गुलाबी झाला असता तर मी त्याच दिवशी निघून गेले असते. कापूस पांढरा होता. आमच्याच विदर्भाचा असेल कदाचित, कुठल्यातरी काळ्या जमिनीत फुटलेला. तो पांढराच राहिला. आम्ही इतके जण श्वास रोखून काहीही न घडण्याकडे बघत होतो, आणि ते घडत नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी रंग उमटताना पाहून थक्क व्हायचे. न उमटणारा रंग मी त्या दिवशी पाहिला.

"काय दिसतं?" परीक्षकांनी विचारलं.

"रंग आला नाही, सर."

"मला दिसतंय. त्यांना सांगा."

मी वळले. इतके चेहरे एकदम माझ्याकडे बघत होते, मॅडमचा त्यांच्यात होता.

"रंग आला नाही," मी म्हटलं. "द्रावण चांगलं आहे. आपल्या सगळ्यांना बोळे पुन्हा घ्यावे लागतील."

गर्दीच्या मागून प्रणालीचा आवाज आला, "ऐकू आलं वं," आणि तिने हात लांबवून कापसाचं पाकीट उचललं.